पातेल्याचा दणका

(बंड, उठाव आणि असंतोष यांच्या स्पॅनिश–मराठी शब्दसंग्रहाची प्रस्तावना)

ऑक्टोबर 2019 मधला रविवार. सकाळी साडेपाचला फोन थरथरला. पुण्यातल्या एका कंपनीने कामासाठी चिलेला पाठवलेला माझा जुना विद्यार्थी सान्तियागोहून विचारत होता, ‘‘मॅडम, इथे सगळे ‘तोके दे केदा, तोके दे केदा’ म्हणत पळताहेत. तोके म्हणजे स्पर्श ना? कुणाला शिवायचं नाहीये?’’

तिथे शनिवारची रात्र होती. मेट्रोचं गर्दीच्या वेळचं तिकीट 30 पेसोंनी वाढलं, शाळकरी मुलं फाटकांवरून उड्या मारून फुकट प्रवास करू लागली, शुक्रवारी 18 तारखेला स्थानकं पेटली, आणि शनिवारी रात्री 10 पासून शहरात संचारबंदी लागली. पिनोचेतची लष्करी राजवट गेल्यानंतर सान्तियागोने पहिल्यांदाच ऐकलेली. ‘तोके’ म्हणजे स्पर्श खराच, पण घंटेचा टोल किंवा तुतारीचा इशारा हाही ‘तोके’च. ‘केदा’ हा गप्प होणं, जागच्या जागी राहणं या कुळातला शब्द. घरात बसा म्हणून सांगणारी घंटा ती ‘तोके दे केदा’. मी घाईघाईने ‘संचारबंदी, लगेच घरी जा’ एवढंच लिहिलं. तो दूध-पावाची पिशवी घेऊन रस्त्यात उभा होता.

हा मुलगा हुशार. परीक्षेत भूतकाळाची सगळी रूपं बिनचूक लिहिणारा. हॉटेलात टेबल कसं मागायचं, डॉक्टरला पोटदुखी कशी सांगायची, विमान चुकलं तर कुणाला गाठायचं, हे सगळं मी त्याला शिकवलं होतं. आमच्या पाठ्यपुस्तकांतल्या स्पॅनिश जगात पाऊस पडतो, सामान हरवतं, मावशीचा वाढदिवस असतो. संप मात्र कधी होत नाही. ज्या भाषेने जगाला ‘गेर्रिया’ आणि ‘हुन्ता’ हे शब्द दिले तिच्या पुस्तकांत कोणी आवाजही चढवू नये, याची मला त्या सकाळी लाज वाटली. तेव्हापासून जमवलेल्या शब्दांचं हे पुस्तक.

सुरुवातीला काम सोपं वाटलं. वहीत दोन रकाने पाडायचे, डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी. रेबेलिओन: बंड. रेबुएल्ता: बंड. सुब्लेबासिओन: बंड. इन्सुर्रेक्सिओन: बंड, उठाव. लेबान्तामिएन्तो: उठाव. आल्सामिएन्तो: पुन्हा उठाव. मोतीन: बंड, शिपायांचं किंवा खलाशांचं. पाचव्या पानावर उजवा रकाना वाचला तर तो एखाद्या नापास मुलाच्या उत्तरपत्रिकेसारखा दिसला, सगळीकडे एकच उत्तर. शब्दकोश काही खोटं बोलत नव्हता. हे शब्द जवळपास एकच घटना सांगतात. फरक इतकाच की प्रत्येक शब्द बोलणारा त्या घटनेच्या वेगळ्या बाजूला उभा असतो, आणि ते ‘कुठून’ उजव्या रकान्यात मावत नाही.

आपल्याला हे खरं तर नवीन नाही. 1857 ला ‘शिपायांचं बंड’ म्हणणारी पुस्तकं आपल्याच आजोबांनी शाळेत वाचली आणि सावरकरांनी 1909 मध्ये त्यालाच ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटलं. तारखा त्याच, तोफा त्याच. पण मराठीत या शब्दांची भांडणं आता इतिहासाच्या परिसंवादात होतात. स्पॅनिशमध्ये त्या शब्दांवरून माणसं तुरुंगात गेली आहेत, आणि त्यातली शेवटची तर परवापरवा.

17 आणि 18 जुलै 1936. स्पेनच्या लष्करातल्या काही सेनापतींनी निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारवर शस्त्र उचललं. मोरोक्कोत ठिणगी पडली, मग मुख्य भूमीवर, आणि तीन वर्षांचं यादवी युद्ध पेटलं. ज्यांनी शस्त्र उचललं त्यांनी आपल्या कृत्याला नाव दिलं ‘आल्सामिएन्तो नासिओनाल’, राष्ट्रीय उत्थान. ‘आल्सार’ म्हणजे वर उचलणं: हात, झेंडा, नजर. चर्चमध्ये पाद्री प्रसाद वर उचलतो त्यालाही हेच क्रियापद. सरकारच्या बाजूचे लोक त्याच घटनेला ‘सुब्लेबासिओन’ म्हणत. ‘सुब्लेबार’मध्येही उचलणंच आहे, पण ते खालून उसळणं, शिस्त मोडून वर येणं. दोन्ही शब्दांच्या मुळात एकच हालचाल आणि मधे अख्खं युद्ध. युद्ध जिंकून सत्तेवर आलेल्या सेनापती फ्रँकोच्या राजवटीत 18 जुलै ही राष्ट्रीय सुट्टी होती. त्या दिवसाच्या नावाने कामगारांना जादा पगारही मिळे. दिवाळीच्या बोनससारखा तो शब्द लोकांच्या खिशात पडत राहिला.

खरी गंमत, गंमत म्हणवत नाही, ती पुढे. युद्ध जिंकल्यावर या लष्कराने हरलेल्यांवर खटले भरले. आरोप काय? बंडाचा. ‘रेबेलिओन मिलितार’, ‘बंडाला चिकटून राहणं’, ‘बंडाला साहाय्य’ अशी कलमं. ज्यांनी बंड केलं ते न्यायासनावर बसले आणि ज्यांनी बंडाला साथ दिली नाही ते बंडखोर ठरले. कवी मिगेल एर्नान्देस याला 1940 मध्ये याच आरोपाखाली मृत्युदंड झाला. तो नंतर 30 वर्षांच्या कैदेवर आला आणि 28 मार्च 1942 रोजी आलिकान्तेच्या तुरुंगात कवी मेला. फ्रँकोचा साडू आणि एकेकाळचा मंत्री सेर्रानो सुन्येर यानेच पुढे या न्यायाला ‘उलटा न्याय’ म्हटलं. घरातलाच माणूस, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आहे. शहाणपण सुचायला उशीर झाला, हे वेगळं.

म्हणून या पुस्तकात ‘आल्सामिएन्तो’समोर नुसतं ‘उठाव’ लिहिलेलं नाही. माद्रिदमध्ये एखाद्या म्हाताऱ्या माणसासमोर तुम्ही 1936 बद्दल बोलताना हा शब्द सहज वापरलात, तर तो तुमच्याकडे दोन क्षण निरखून बघेल. तुम्ही व्याकरणात काही चुकला नाहीत. तुम्ही न कळत कुणाच्या तरी पंगतीत जाऊन बसलात.

दुसरं प्रकरण ताजं आहे. 1 ऑक्टोबर 2017 रोजी कातालोनियाच्या सरकारने न्यायालयाची मनाई असताना स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेतलं. नेत्यांवर माद्रिदच्या सर्वोच्च न्यायालयात खटला चालला, आणि तो खटला, निदान भाषेच्या शिक्षकाच्या नजरेतून, एका क्रियाविशेषणाचा होता. स्पेनच्या दंडसंहितेत ‘रेबेलिओन’ आणि ‘सेदिसिओन’ हे दोन वेगळे गुन्हे होते. दोन्हींत क्रियापद एकच, ‘आल्सार्से’, उठणं. दोन्हींत उठणं उघडपणे हवं. पण पहिल्यात ते ‘हिंसकपणे’ हवं, दुसऱ्यात ‘तुमुल्तुआरियामेन्ते’ एवढं पुरे. या शब्दाला मराठीत मला अजून चांगला प्रतिशब्द सापडलेला नाही. ‘हुल्लडीने’ फार हलका, ‘दंगल करून’ फार जड, ‘तुंबळपणे’ तर हास्यास्पद. जमावाने, गोंधळाने, आरडाओरड्याने असं काहीतरी. सरकारी वकिलांनी या नेत्यांपैकी ओरिओल हुन्केरास यांच्यासाठी रेबेलिओनखाली 25 वर्षं मागितली. 14 ऑक्टोबर 2019 च्या निकालात न्यायालयाने रेबेलिओन मानलं नाही, सेदिसिओन मानलं, आणि त्यांना 13 वर्षं दिली. दोन क्रियाविशेषणांमधलं अंतर बारा वर्षांचं. निकालपत्रात आणखी एक शब्द आहे जो मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहिते: ‘एन्सोन्यासिओन’, दिवास्वप्न. लोकांना जे स्वातंत्र्य जवळ आलंसं वाटत होतं ते दिवास्वप्न होतं असं न्यायाधीश म्हणाले. दंडसंहितेत न बसणारा, कवितेत बसणारा शब्द. 2021 मध्ये तुरुंगातल्या नेत्यांना माफी मिळाली, आणि जानेवारी 2023 पासून सेदिसिओन हा गुन्हाच स्पेनच्या दंडसंहितेतून निघाला.

त्या वेळी बातम्या वाचताना अनेकांनी ‘सेदिसिओन’ला सरळ ‘राजद्रोह’ केलं. इथे मराठी वाचकाची फसगत ठरलेली. आपल्याला राजद्रोह म्हटलं की टिळक आठवतात, 124अ आठवतं, सरकारविषयी अप्रीती पसरवणारा लेख आठवतो. आपला राजद्रोह शाईने होतो. स्पॅनिश सेदिसिओनला माणसांचा जमाव लागायचा, रस्ता लागायचा. आणि टिळकांचंच नाव निघालं तर 1908 चा खटला या प्रस्तावनेत यायलाच हवा, कारण तोही भाषांतराचा खटला होता. ‘केसरी’तले लेख मराठी, सात युरोपीय आणि दोन पारशी ज्युरी मराठी न जाणणारे, समोर इंग्रजी भाषांतरं. टिळक स्वतःच्या बचावात त्या भाषांतरांशीच भांडत राहिले. आपले शब्द आहेत त्याहून जहाल करून मांडलेत, हा त्यांचा आक्षेप होता. ज्युरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला. सहा वर्षं, मंडाले. भाषांतरकाराची चूक कधीकधी दुसराच भोगतो, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते. ते माना डोलावतात आणि वहीत ‘रेबेलिओन: बंड’ लिहितात.

आता थोडं हलकं होऊ. या भाषेत एक प्रत्यय आहे, ‘-आसो’, आणि त्याच्यावर माझा जीव आहे.

कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या मुलांना तो आधीच माहीत आहे. समालोचक गळा फाडून ‘गोलासो’ ओरडतो ना, तोच. गोल तर झालाच, पण काय गोल झाला! मोठेपणा दाखवायला हा प्रत्यय लागतो. पण त्याचं खरं काम मार द्यायचं आहे. ‘पुएर्ता’ म्हणजे दार, ‘पोर्तासो’ म्हणजे दार धाडकन आपटणं. ‘कोदो’ कोपर, ‘कोदासो’ कोपरखळी. ‘मार्तियो’ हातोडा, ‘मार्तियासो’ हातोड्याचा घाव. मराठीत याला एकच एक प्रत्यय नाही, पण शब्द मुबलक आहेत: दणका, तडाखा, फटका, हिसका. मी बरीच घासाघीस करून ‘दणका’ निवडला.

हा प्रत्यय शहरांना लागला तेव्हा इतिहास झाला. 9 एप्रिल 1948 ला दुपारी एकच्या सुमारास बोगोताच्या भर रस्त्यात लिबरल पक्षाचे लोकप्रिय नेते होर्हे एल्येसेर गाइतान यांना गोळ्या घातल्या गेल्या. जमावाने संशयिताला तिथेच ठेचलं, आणि मग शहर पेटलं, ट्राम पेटल्या, दुकानं फुटली. तो ‘बोगोतासो’. 29 मे 1969 ला अर्जेंटिनाच्या कोर्दोबा शहरात मोटार कारखान्यांचे कामगार आणि विद्यार्थी एकत्र रस्त्यावर आले. लष्करशहा ओन्गानियाच्या सरकारने शनिवारची अर्धी सुट्टी काढून घेतली होती. तिला तिथे ‘साबादो इंग्लेस’, इंग्रजी शनिवार, म्हणत: काम अर्धा दिवस, पगार पूर्ण. तो ‘कोर्दोबासो’. 27 फेब्रुवारी 1989 ला काराकासजवळच्या ग्वारेनासमध्ये सकाळी कामाला निघालेल्या लोकांना बसचं भाडं वाढलेलं दिसलं. संध्याकाळपर्यंत राजधानीभर लूट आणि मग सैन्याच्या गोळ्या. शेकडो माणसं मेली. तो ‘काराकासो’.

हा दणका शहराने दिला की शहराला बसला? प्रत्यय सांगत नाही. बोगोतासो म्हणजे बोगोताने मारलेला तडाखा की बोगोताला लागलेला, हे बोलणाऱ्याच्या पोटात असतं. सरकारच्या दणक्यांनाही हाच प्रत्यय लागतो. दर वाढवले की ‘तारिफासो’. मेक्सिकोत 2017 च्या सुरुवातीला पेट्रोल महागलं तो ‘गासोलिनासो’. काराकासोच्या आधी व्हेनेझुएलाचे अध्यक्ष कार्लोस आन्द्रेस पेरेस यांनी आणलेल्या आर्थिक उपायांच्या पुडक्याला लोक ‘पाकेतासो’ म्हणू लागले होते. पाकेतासोला काराकासो. भाषेने हिशेब चोख ठेवला आहे.

स्पेनला मात्र या प्रत्ययाची तितकी हौस नाही. 23 फेब्रुवारी 1981 ला लेफ्टनंट कर्नल तेहेरो पिस्तूल घेऊन संसदेत घुसला, छतात गोळ्या झाडल्या गेल्या, त्या प्रकाराला ‘तेहेरासो’ म्हणतात खरे, पण जास्त चालतं ते ‘23-एफ’. तसंच 2011 च्या मे महिन्यात माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात ठाण मांडून बसलेल्या तरुणांचं ‘15-एम’, आणि कातालोनियाचं ‘1-ओ’. स्पेन आपले भूकंप कॅलेंडरवर लिहून ठेवतो, लॅटिन अमेरिका त्यांना आवाज देते. हे माझं निरीक्षण आहे, नियम नव्हे. कोलंबियातही वयस्क माणसं बोगोतासो न म्हणता नुसतं ‘नऊ एप्रिल’ म्हणतात.

पण ‘-आसो’चा मुकुटमणी म्हणजे ‘कासेरोलासो’. कासेरोला म्हणजे पातेलं. डिसेंबर 2001 मध्ये अर्जेंटिनाच्या सरकारने बँकांतून आठवड्याला 250 पेसोंच्या वर रोख काढायला बंदी केली. या बंदीचं नाव ‘कोर्रालितो’, म्हणजे लहान मुलाला खेळायला ठेवतात तो कठडा. पैसा तुमचाच, दिसतोही, पण कठड्याच्या आत. 19 डिसेंबरच्या रात्री अध्यक्ष दे ला रुआ यांनी टीव्हीवर ‘एस्तादो दे सितिओ’, म्हणजे आणीबाणी, जाहीर केली. भाषण संपायच्या आतच ब्वेनोस आयरेसच्या गच्च्यांवरून पातेली वाजू लागली. वाजवणारे लोक खाली उतरले आणि चालत चालत अध्यक्षीय प्रासादासमोरच्या चौकात गेले. सगळ्यांनी चालतं व्हा, एकही राहू नका, एवढीच त्यांची घोषणा. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि प्रासादाच्या छतावरून हेलिकॉप्टरने गेले. त्या दोन दिवसांत देशभरात तीसहून अधिक माणसं मारली गेली, हे विसरून पातेल्यांच्या आवाजाचं कौतुक करू नये.

पातेल्याला पक्ष नसतो, हेही नोंदवायला हवं. चिलेमध्ये 1 डिसेंबर 1971 ला पातेली वाजवत निघालेल्या बायका समाजवादी अध्यक्ष आयेन्दे यांच्या विरोधात होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच खात्यापित्या घरच्या. 1983 मध्ये त्याच शहरात तीच भांडी पिनोचेतविरुद्ध वाजली. मराठीत मला ‘थाळीनाद’ सुचला होता. पण मार्च 2020 नंतर आपल्याकडे थाळी वाजवण्याचा अर्थ पार बदलला, त्यामुळे तो खोडला. मग मुंबईतला 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचा लाटणं मोर्चा आठवला. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो बायका लाटणी घेऊन निघाल्या होत्या. स्वयंपाकघर उचलून रस्त्यावर आणण्याची कल्पना तीच. नोंदीत शेवटी ‘पातेल्याचा दणका’ असं लिहिलं आणि लाटण्याचा उल्लेख खाली केला.

घरातून रस्त्यावर आलेले शब्द या भाषेत पावलोपावली भेटतात. ‘रेबुएल्ता’ आणि न्याहारीला मिळणारी ‘उएबोस रेबुएल्तोस’, म्हणजे ढवळून केलेली अंडी, या सख्ख्या बहिणी. ‘लेबान्तार्से’ म्हणजे सकाळी अंथरुणातून उठणं, आणि राजाविरुद्ध उठणंही. इथे मराठी स्पॅनिशच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते: उठणं, उठाव. ‘काबेसा’ डोकं, ‘काबेसिया’ छोटं डोकं, आणि तोच बंडाचा म्होरक्या. सरकारी पत्रकांत हा शब्द नेहमी दिसतो, कारण म्होरक्याचं डोकं लहान दाखवलं की त्याच्या मागणीचंही वजन कमी होतं. ‘प्लान्ता’ म्हणजे रोप, आणि मेक्सिकोत आंदोलक चौकात रुजून बसतात तो ‘प्लान्तोन’. याला मराठी प्रतिशब्द शोधावाच लागला नाही. ठिय्या! इतकं नेमकं भाषांतर वर्षातून एखाद्या वेळीच जमतं.

‘उएल्गा’ची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. उएल्गा म्हणजे संप. मूळ क्रियापद ‘ओल्गार’, निवांत बसणं, काम न करणं, आणि त्याचंही मूळ लॅटिनमध्ये भात्यासारखं धापा टाकण्यात. दमलेला माणूस धापा टाकतो, मग बसतो, मग कामावर जात नाही. दक्षिणेकडच्या आन्दालुसियात याच शब्दाचा उच्चार बदलून ‘हुएर्गा’ झाला, आणि हुएर्गा म्हणजे रात्रभर चाललेली नाचगाण्याची धमाल. मालकाच्या नजरेत संप आणि धमाल यांत फारसा फरक नसतो, ही आणखी एक बाजू. आपल्या ‘धामधूम’चाही प्रवास असाच झाला. बखरींतली धामधूम म्हणजे लुटालूट, फौजांची धावपळ; आजची धामधूम लग्नाची. ‘संप’ मात्र उलट्या अंगाने आला. गुजरातीत संप म्हणजे एकोपा. स्पॅनिश कामगार थकून बसतो, आपला एकत्र होऊन. हे वर्गात सांगितलं की कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘मग लॅटिन अमेरिकेत ‘पारो’ का म्हणतात?’’ पारो म्हणजे थांबणं. बोगोतात किंवा लिमात ‘पारो’ म्हणजे संप किंवा बंद. स्पेनमध्ये ‘पारो’ म्हणजे बेकारी. माझ्या एका विद्यार्थिनीने ग्राहकाचा ‘उद्या पारोमुळे कार्यालय बंद’ हा निरोप ‘उद्या बेकारीमुळे कार्यालय बंद’ असा वरिष्ठांना कळवला होता. कंपनीत दिवसभर चिंता पसरली. या पुस्तकात प्रत्येक नोंदीपुढे देशाचं नाव आहे ते अशासाठी.

मराठी वर्तमानपत्रांनाही एक विनंती, हात जोडून. ‘गोरिला युद्ध’ लिहू नका. गोरिला हे माकडाच्या कुळातलं जनावर आहे. 1808 मध्ये नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या तेव्हा गावोगावच्या टोळ्यांनी त्यांना जे सळो की पळो केलं ती ‘गेर्रिया’. ‘गेर्रा’ म्हणजे युद्ध, त्याचं लाडकं, लहान रूप: युद्धुकलं म्हणा. हा लढणाऱ्या माणसाचा शब्द नव्हे, माणूस ‘गेर्रियेरो’. आपल्याकडे ‘गनिमी कावा’ असताना आपण जंगलातलं जनावर का आणलं, कळत नाही. अर्थात ‘गनिमी’ शब्दातही बाजू आहेच. गनीम म्हणजे शत्रू, आणि तो कुणाचा शत्रू हे ज्यांनी हा शब्द आधी आपल्यासाठी वापरला त्यांना विचारा.

मेक्सिकोचं प्रकरण वेगळं काढलं आहे, कारण तिथे बंडाला वेळापत्रक असतं. ‘प्लान’ हा साधा शब्द तिथे बंडाचा जाहीरनामा होतो: 1821 चा प्लान दे इग्वाला, 1911 चा झापाताचा प्लान दे आयाला. फ्रान्सिस्को मादेरोने आपल्या प्लान दे सान लुइसमध्ये देशाने 20 नोव्हेंबर 1910 रोजी संध्याकाळी सहापासून शस्त्र उचलावं असं लिहिलं होतं. मुहूर्त आम्हीच काढतो असं कुणी समजू नये. खेड्यातली माणसं मात्र त्या सगळ्या क्रांतीला ‘ला बोला’ म्हणत, गोळा, लोंढा. घरातला मुलगा कुठे गेला? लोंढ्यात गेला.

त्या लोंढ्याच्या शेवटी एक मराठी माणूस तिथे पोचला. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. या पक्षानेही शत्रूच्या तोंडचाच शब्द उचलून झेंडा केला: गदर, बंड. 1924 च्या सुमारास खानखोजे मेक्सिकोत आले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांच्या मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिबेराने शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना रंगवलं. मला नेहमी प्रश्न पडतो, त्यांनी स्पॅनिशचे पहिले शब्द कोणते शिकले असतील? मका, माती, पाऊस हे तर असणारच. पण ज्या देशात शेतीचं वाटप हीच क्रांती होती तिथे ‘रेबेल्दे’ शिकल्यावाचून बीबियाण्यांबद्दलही बोलता आलं नसेल. ते 1967 मध्ये नागपुरात वारले.

आता पुस्तकाबद्दल थोडं. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत, आणि त्यात आपली सोय आहे, कारण स्पॅनिशचे त आणि द हे आपल्यासारखेच दातांना टेकतात. ‘व्ही’ अक्षर मी ‘ब’ने लिहिलं आहे, तिथे तसंच बोलतात. अर्थाच्या आधी ‘कोण म्हणतं’ असा एक रकाना आहे: सरकार, फौज, रस्ता, वर्तमानपत्र, न्यायालय, आजी. काही नोंदींत तो रकाना अर्थापेक्षा लांब आहे. ‘एस्क्राचे’सारख्या शब्दाला तर गोष्टच लिहावी लागली. अर्जेंटिनात 1976 ते 1983 च्या लष्करशाहीत ज्यांचे आईबाप नाहीसे केले गेले ती मुलं, 1990 च्या दशकात, माफी मिळालेल्या अधिकाऱ्यांच्या घरांसमोर जाऊन शेजाऱ्यांना सांगू लागली की इथे कोण राहतं. ‘घेराव’ म्हटलं तर अर्धाच अर्थ येतो. घेरावात आतल्या माणसाला बाहेर पडू देत नाहीत, एस्क्राचेत त्याला लपू देत नाहीत.

चिलेचे शब्द शेवटी आहेत, कारण ते शेवटी आले. पाण्याचा फवारा मारणारी पोलिसांची गाडी ‘ग्वानाको’, थुंकणाऱ्या उंटवर्गी प्राण्याच्या नावावरून. अश्रुधूर सोडणारी ‘सोर्रियो’, घाण वास सोडणारा प्राणी. आणि त्या सगळ्या घडामोडीचं नाव ‘एस्तायीदो’, फुटणं. मी ‘उद्रेक’ लिहून कच्चा मजकूर सान्तियागोला पाठवला. तो अजून तिथेच आहे, एव्हाना माझ्याहून चांगलं चिलेयन बोलतो. त्याने कळवलं, कार्यालयातले तरुण ‘रेबुएल्ता’ म्हणतात, तिथे उठावाचा अभिमान आहे. बऱ्याच वर्तमानपत्रांत ‘एस्तायीदो सोसिआल’. काही राजकारणी मुद्दाम ‘एस्तायीदो देलिक्वेन्सिआल’ म्हणतात, गुन्हेगारांचा उद्रेक. मी तिन्ही नोंदी घेतल्या. मग विचारलं, तुझ्या घरमालकीणबाई काय म्हणतात? ज्यांच्या दुकानाची काच त्या महिन्यात फुटली आणि ज्यांचा नातू रोज मोर्च्याला जात होता.

त्याने लिहिलं, त्या नावच घेत नाहीत. म्हणतात, ‘क्वान्दो पासो लो के पासो.’ जे झालं ते झालं, तेव्हा.

ती नोंद शेवटच्या पानावर आहे.